विहिरीतल्या वहिनीचा परवाना

माझ्या थोरल्या मुलीला पाहायला अकलूजकडचे पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला, मुलीचं शिक्षण विचारून झालं आणि मग मुलाच्या चुलत्यांनी माझ्याकडं मोर्चा वळवला. "आणि आपण काय करता?" आतल्या दारातून बायकोनं डोळे वटारले. 'कागदपत्रांची कामं' एवढंच सांगायचं असं आमचं आदल्या दिवशी ठरलं होतं. पण मला एक खोड आहे. खोटं बोलायला गेलो की उचकी लागते. दोन उचक्या दिल्या, पाणी प्यालो आणि सांगून टाकलं, "मी भुतं भाड्यानं देतो."

चुलत्यांनी कप खाली ठेवला. "मंजी? देवऋषी हाय का तुमी?"

"छे हो! करारावर देतो. स्टँपपेपर करून."

स्थळ मोडलं हे सांगायला नकोच. पुढं मुलीला त्याहून चांगलं घर मिळालं, पण बायकोनं ती उचकी अजून माफ केलेली नाही.

आता हा धंदा काय, ते सांगतो. बारामतीत रजिस्ट्रेशनच्या ऑफिसाबाहेर टेबल टाकून मी वर्षानुवर्षं दस्त लिहिले. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, जे म्हणाल ते. लोक मला आबा म्हणायचे, आणि काम बिघडलं की आबा सोडून बाकी सगळं म्हणायचे. एक दिवस मुंबईच्या एका सिनेमा कंपनीचा माणूस छत्रीखाली येऊन बसला. त्यांचा 'विहिरीतली वहिनी' नावाचा भुताचा सिनेमा होता. एक चालला म्हणून दुसरा काढला, दुसरा चालला म्हणून तिसरा. आणि आमच्या भागातल्या प्रत्येक जत्रेत, प्रत्येक भूतबंगल्याच्या पाटीवर ही वहिनी फुकटात झळकत होती. कंपनीला ते बंद करायचं होतं, नाहीतर रीतसर परवान्यावर द्यायचं होतं. त्यासाठी त्यांना तालुक्यात ओळख असलेला, मराठीत करार लिहिणारा माणूस हवा होता. मी म्हटलं, आयुष्यभर जिवंत माणसांच्या भांडणांचे कागद केले, आता मेलेल्यांचे करू. त्यांच्याकडून निदान तक्रार यायची नाही.

लोकांना एकच गोष्ट समजायची नाही. "आबा, भुताला कसली आलीय परवानगी?" मग मी त्यांच्या भाषेत सांगायचो. वडावरचं भूत, नदीतलं भूत, आपल्या आजानं सांगितलेलं भूत, हे सगळं गायरान. कुणीही चारा, कुणीही हिंडा. पण सिनेमातलं भूत म्हणजे मालकीचं रान. तिची हिरवी साडी, ओले केस, तिचं नाव, तिचा आवाज, तिचं वाक्य, या सगळ्याला मालक आहे. तिच्या रानात जनावर सोडायचं तर आधी मालकाला विचारायचं. एवढं सांगितलं की इंदापूरचा माणूस लगेच पुढचा प्रश्न टाकायचा. "मग बांध कुठवर हाय तिचा?" इथं सगळ्यांना बांध कळतो.

भिगवणच्या बाजारातला जगू पाळणेवाला मात्र वस्ताद होता. त्याच्या भूतबंगल्यावर वहिनीचं हे एवढं मोठं चित्र. मी नोटीस घेऊन गेलो तर म्हणतो, "आबा, ही वहिनी न्हाय. ही माझी मेव्हणी हाय." मी म्हटलं, "मेव्हणी विहिरीत काय करती?" म्हणाला, "पोहती." आठ दिवसांनी पुन्हा गेलो तर त्यानं चित्राला मिशा काढल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, 'विहिरीतला दीर'. मी मुंबईला फोन केला. त्यांच्या वकिलांनी दोन दिवस विचार केला आणि कळवलं की दिरावर आपला हक्क नाही.

बारामतीच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकाला वहिनी लग्नात हवी होती. मला वाटलं नवरीच्या प्रवेशाला वगैरे, हल्ली तिथं धूर सोडतातच. पण त्याचा हेतू वेगळा होता. "तिसऱ्या पंगतीला परत बसत्यात ना आबा, त्यांच्यामागं नुसतं हुबं करायचं तिला." मी नकार दिला. त्या वेळी फार तत्त्वाचा वाटलो स्वतःला. आता वाटतं, द्यायला हवी होती.

कंपनीनं एक जाडजूड नियमपुस्तिका दिली होती. वहिनीनं हसायचं नाही. वहिनीनं लोकांसमोर खायचं नाही. धुराशिवाय फोटो नाही. तिचं काम करणाऱ्या बाईचं नाव बाहेर फोडायचं नाही. तिला कुणी हात लावायचा नाही आणि तिनं एकच वाक्य बोलायचं, तेही एका घोळक्यापुढं जास्तीत जास्त तीनदा. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत होतं की कंपनीचा माणूस तपासणीला येईल, त्या दिवशी निदान एक प्रेक्षक खराखुरा घाबरला पाहिजे. कुणीच घाबरलं नाही तर परवाना जागच्या जागी रद्द. त्यांचंही बरोबर होतं. ज्या भुताला लोक हसतात, त्याचा चौथा सिनेमा कोण बघणार?

ते एक वाक्य समजायला सिनेमाची गोष्ट सांगावी लागेल. सासरी छळ असलेली सून दिवाळीला भावाची वाट बघत विहिरीच्या काठावर बसते. भाऊ येत नाही. ती विहिरीत पडते. पहिल्या सिनेमात पाय घसरून, दुसऱ्यात सासू ढकलते म्हणून, तिसऱ्यात आणखी काहीतरी, ते माझ्या ध्यानात राहिलेलं नाही. तेव्हापासून ती विहिरीतून वर येते आणि समोर दिसेल त्याला विचारते, "माझा भाऊ आला का?" 'आला' म्हणणाराही मरतो, 'नाही' म्हणणाराही मरतो. मुंबईच्या थेटरात या वाक्याला बायका किंचाळायच्या म्हणे.

तर डाळजच्या तात्यांची हकिगत. डाळजला हायवेपासून आत तात्यांचं उसाचं रान. त्यांची सून संगीता पुण्याची नोकरी सोडून आली आणि तिनं सासऱ्यांना पटवून चार एकरांत पार्क उभं केलं. घसरगुंड्या, हुरडा, बैलगाडी, सगळं केलं. पण लोक एकदा येऊन जायचे, परत फिरकायचे नाहीत. तात्या माझ्या टेबलाशी येऊन बसले, शेजारी संगीता.

"आबा, सुनंच्या शब्दाखातर रान दिलं," तात्या म्हणाले. "ती म्हणती दिवाळीच्या सुट्टीत भुताचं घर करू. करा म्हणलं. पर या दिवाळीला माणूस आलं तर पार्क, न्हायतर सुरू उसाची लागण. बेणं सांगून ठेवलंय मी."

संगीता करार वाचत होती, ती मधेच थांबली आणि परत पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. बेणं सांगितलं म्हणजे काय ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. एकदा उसाची लागण झाली की त्या रानात परत घसरगुंडी उगवत नाही.

कंपनीच्या इंग्रजी मसुद्यात 'हॅलोविनचा हंगाम' असं होतं. तात्यांनी विचारलं, "हे कवा असतंय?" मी म्हटलं, परदेशातला भुतांचा सण, ऑक्टोबर संपताना. "मंजी दिवाळीच की!" मग मी मराठी करारात स्वच्छ लिहिलं, 'हॅलोविन म्हणजे नरक चतुर्दशी ते तुळशीचं लग्न'. मुंबईनं न वाचता सही केली. मला त्या वाक्याचा फार अभिमान होता. त्यात भाऊबीजही येते, हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

वहिनीच्या कामाला संगीतानं बावड्याच्या लताबाईंना आणलं. लताबाई एसटीत कंडक्टर होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. उंच, काळ्यासावळ्या, केस कमरेपर्यंत, आणि आवाज असा की गाडीच्या टपावरचा माणूससुद्धा तिकीट काढेल. त्यांचा संमतीचा कागद मी जुन्या सवयीनं टाइप केला. 'मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देते की...' लताबाईंनी तो वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"आबा, हे तुमीच लिहिता व्हय?"

"का हो?"

"माझ्या भावानं हक्कसोडीचा कागद आणला हुता, त्याच्यावर बी हेच हुतं. राजीखुशीनं. म्या सही केली न्हाय. तवापास्नं त्यो बोलत न्हाय माझ्याशी. सा वरसं झाली."

मी मान खाली घातली. हक्कसोड म्हणजे वडलांच्या जमिनीतला आपला वाटा बहिणीनं भावाला सोडून देणं. आमच्याकडं रीत अशी, की बहिणीनं सही करायची आणि भावानं सणावाराला साडीचोळी करायची. असे किती कागद मी लिहिले असतील देव जाणे. टेबलासमोर बहीण उभी, शेजारी भाऊ, आणि मी 'राजीखुशीने' टाइप करतोय. 'बाई, खरंच राजीखुशी हाय का?' असं एकीलाही कधी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. आज लाज वाटते.

"या कागदावर मात्र करते सही," लताबाई म्हणाल्या आणि केली. मी विचारलं, भाऊबीजेची सुट्टी हवी का? म्हणाल्या, "मला कुठं जायचंय?"

तात्यांच्या रानात एक कोरडी विहीर होती. तिच्यावर लोखंडी जाळी टाकून, भक्कम चौथरा करून, भोवती काळ्या कापडाचं घर उभं केलं. चौथऱ्यात तीन पायऱ्या खाली लताबाई बसायच्या. धूर सोडला की हळूहळू उभ्या राहायच्या. केस ओले दिसावेत म्हणून तात्यांचा गडी फवारणीच्या पंपानं पाणी मारायचा. पहिल्या तालमीत त्यानं पंप नीट धुतला नव्हता आणि वहिनीला औषधाचा असा वास आला की सगळ्या माश्या पळाल्या. कोपऱ्यात चिंध्या भरलेली सासू बसवली होती, डोळ्यांत लाल बल्ब. आणि बाहेर तात्यांनी स्वतः रंगवून घेतलेली पाटी: 'विहिरीतली वहिनी. परवानाधारक. आमची कोठेही शाखा नाही.'

नरक चतुर्दशीला सकाळी दार उघडलं. पहिला घोळका आत गेला, त्यात डाळजचे एक धोतरवाले म्हातारे पुढं. धूर सुटला. लताबाई वर आल्या. केस तोंडावर, पदरातून पाणी गळतंय, आणि त्या खोल आवाजात म्हणाल्या, "माझा भाऊ आला का?"

पडद्यामागून बघताना माझ्या अंगावर काटा आला. म्हातारे एक पाऊल पुढं झाले आणि म्हणाले, "आलो की बाई! वळाकलं न्हाईस व्हय? चल, पिशवी घी. गाडी हुबी हाय."

आता काय सांगू! आमच्याकडं सणाला लेकीला सासरहून आणायला जो माणूस जातो त्याला मुराळी म्हणतात. हिरव्या साडीतली सासुरवाशीण दिवाळीच्या दिवशी विहिरीच्या काठावरून 'माझा भाऊ आला का' म्हणून विचारते, आणि इंदापूर तालुक्यातला माणूस गप्प बसेल? त्याची जीभ गप्प बसू देत नाही. मागची बाई डोळे पुसत म्हणाली, "जा गं बाई, जा. सासूचं आमी बघतो." आणि तिनं खरोखरच पायातली चप्पल काढून चिंध्यांच्या सासूला दोन ठेवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट झाली. लोक ठरवून मुराळी होऊन यायला लागले. डोक्यावर टोपी, हातात पिशवी. कळंबची पोरं रांगेतच भांडायची, "आज मी भाऊ, तू काल झालास." बायका खण-नारळ घेऊन आल्या. "सवाष्ण हाय, मोकळी कशी पाठवायची?" असं म्हणून त्यांनी भुताची ओटी भरली. कुणी करंज्या दिल्या, कुणी चकल्या दिल्या. सासूचा एक हात निखळला तेव्हा तात्यांनी पाटी लावली, 'सासूला मारू नये. हुकमावरून.' आणि लताबाईंची कंडक्टरकी काही केल्या सुटेना. गर्दी झाली की धुरातून आवाज यायचा, "माझा भाऊ आला का? एकेक या, एकेक. पुढं सरका, पुढं लई जागा हाय."

पार्क भरून वाहत होतं. संगीता तीन दिवस हसत होती. घाबरत मात्र कुणीच नव्हतं.

पाडव्याला मुंबईचा फोन आला. कुणीतरी मोबाइलवर काढलेलं चित्रण त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. "आबा, आमचं भूत करंजी खातंय," पलीकडचा आवाज म्हणाला. "आणि हसतंयसुद्धा! उद्या तपासणीला मॅडम येतायत. एक माणूस तरी घाबरलेला दाखवा, नाहीतर पाटी उतरवा."

फोन ठेवला तेव्हा तात्या समोरच होते. "मंजी उद्या ठरणार म्हणा," एवढंच बोलले आणि रानाकडं बघत राहिले. संगीताच्या तोंडावरचं हसू गेलं. "आबा," ती म्हणाली, "परवाना गेला तर वहिनी गेली. वहिनी गेली तर परवापासनं कोण येणार?"

मग आम्ही तो मूर्खपणा केला. माझी बायको, तात्यांचे दोन चुलतभाऊ आणि गावातले चार भले लोक गोळा करून घाबरायची तालीम घेतली. बायको तशी उत्तम किंचाळते, मला अनुभव आहे. पण तात्यांचे चुलतभाऊ एकदम लाजाळू. 'आई गं' असं म्हणायचे ते दाराशी आलेल्या भिक्षेकऱ्याच्या सुरात.

भाऊबीजेला दुपारी तन्वी मॅडम आल्या. तिशीची मुलगी, हातात तक्ता धरून. पडद्यामागं माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या. पहिला घोळका आमचाच. धूर सुटला, लताबाई उठल्या, वाक्य म्हटलं. माझ्या बायकोनं अशी काही किंकाळी फोडली की बाहेरचे बैल उधळले. तिच्या मागोमाग थोरले चुलतभाऊ शांतपणे म्हणाले, "आई गं. लई भ्या वाटलं." आणि धाकट्यांनी विचारलं, "झालं का? जायचं का आता?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "ही तुमचीच माणसं ना?"

"न्हा... हिक्!"

"कळलं," त्या म्हणाल्या आणि तक्त्यावर काट मारली.

नंतरचे घोळके खरे होते, म्हणजे आमच्या दृष्टीनं आणखी वाईट. भाऊबीजच ती! प्रत्येक घोळक्यात बहिणी, आणि प्रत्येक बहिणीबरोबर भाऊ. "आलो गं ताई!" असं दहा-दहा जण एका सुरात ओरडायचे. एका बाईनं तर निरांजन लावून स्वतःच्या भावाला वहिनीसमोर उभं केलं, "हिला बी ववाळू दे रं, हिचा कुणी आला न्हाय." लताबाईंनी ओवाळलं. नियमात ओवाळू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण तक्त्यावर 'घाबरले' या रकान्यात सगळीकडं शून्य. मॅडमनी दोनदा रुमाल डोळ्यांना लावला हे मी पाहिलं. पण शून्य ते शून्य.

"आबा, वाईट वाटतंय मला," त्या म्हणाल्या. "पण मी काय लिहू? भूत पाहून लोकांना रडू येतं असं लिहू? पाच वाजता मी निघणार."

पाचला दहा मिनिटं असतील. संगीता दाराशी नुसती उभी होती. तेवढ्यात कळंबचे एक गृहस्थ दोन नातवंडांना घेऊन आत आले. पन्नाशी उलटलेली, नवी टोपी, पायात करकरीत चपला. मला चेहरा ओळखीचा वाटला, पण माझ्या टेबलाशी तालुका येऊन गेलेला, कोण कोण म्हणून आठवणार? भाऊबीज असून बरोबर बहीण नव्हती, एवढं ध्यानात आलं. नातवंडांनी हट्ट केला म्हणून आले असावेत.

धूर सुटला. लताबाई वर आल्या. "माझा भाऊ आला का?"

नातवंडं आनंदानं ओरडली, "आलाय, आलाय!" गृहस्थ मात्र तोंडावरच्या केसांकडं बघत राहिले. लताबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं, आणि विचारता विचारता थांबल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंडावरचे केस बाजूला केले. तिसऱ्यांदा बोलल्या त्या भुताच्या आवाजात नाही, स्वतःच्या. अगदी हळू.

"माझा भाऊ... आला का?"

अहो, ती किंकाळी! माझ्या बायकोची त्यापुढं काहीच नाही. गृहस्थ गर्रकन फिरले, काळा पडदा त्यांच्याबरोबर निघून आला, एक चप्पल तिथंच राहिली, आणि दार सापडेना म्हणून ते थेट चिंध्यांच्या सासूच्या मागं जाऊन बसले. तिथून सासूचा उरलेला हात घट्ट धरून ओरडत होते, "अक्का, कागद फाडतो! आईच्यान फाडतो कागद! सही नगं मला! अक्का, मारू नगंस!"

"मी कुठं मारतीय?" लताबाई म्हणाल्या. नातवंडं पोट धरून हसत होती.

मॅडम खुर्चीवरून उठल्या होत्या. "हा तरी तुमचा माणूस नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. उचकी लागली नाही.

"आणि कागद कसला म्हणतायत ते?"

तेव्हा मला चेहरा आठवला. तो कागद माझ्याच टेबलावर टाइप झाला होता. मी मॅडमना सगळं सांगितलं, माझ्या 'राजीखुशी'सकट. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी 'घाबरले' या रकान्यात एक आकडा लिहिला आणि शेऱ्यात मराठीत लिहिलं: 'पुरुष, वय पन्नासच्या पुढे. अत्यंत खरा.' परवाना तीन वर्षांनी वाढवला. संगीतानं तो तक्ता दोनदा वाचला आणि मटकन खाली बसून रडायला लागली. तात्या बाहेर गेले आणि तिथल्या तिथं मोबाइल काढून कुणाला तरी म्हणाले, "त्ये बेणं दुसऱ्याला दी रं. रान गुतलंय आमचं."

बाहेर बाकावर कळंबचे गृहस्थ एका चपलेत बसले होते. कुणीतरी पाण्याचा तांब्या दिला होता. लताबाई तशाच ओल्या साडीत, तोंडाला पांढरा रंग, बाहेर आल्या. मला वाटलं आता रडारड होणार. सहा वर्षांचं साठलेलं होतं.

"घाबरलास व्हय रं बाळू?"

"व्हय," ते म्हणाले. वर बघायची हिंमत होत नव्हती त्यांची. "चल घरी. मुराळी आलोय म्हण."

"ड्युटी सहाला सुटती," लताबाई म्हणाल्या आणि परत आत गेल्या.

ते बसून राहिले. नातवंडं घसरगुंडीवर गेली. येणारेजाणारे विचारायचे, "काय पाव्हणं, आत गेला न्हाय?" आणि ते म्हणायचे, "जाऊन आलो." सहाला लताबाई तोंड धुऊन, साधी साडी नेसून आल्या. खांद्याला मोठी पिशवी. भावानं उठून ती घेतली आणि ओझ्यानं एकदम वाकला.

"अक्का, काय भरलंय एवढं?"

"खण-नारळ," लताबाई म्हणाल्या. "परक्यांनी दिल्यात. सांभाळून धर."